या मोसमातला तुमचा पहिला पाहुणा पक्षी कोणता?

दसरा झाल्यावरच्या रविवारी कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात गेलो. तिथल्या मोरटाका पायवाटेला लागलो तेव्हा सात वाजत होते. पावसानंतर इथे दोन झाडांच्या मधे कोळ्यांची परातीएवढी जाळी असतात, ती चुकवत वाकून चालावं लागतं. पावसाळ्यात रायगडच्या रानात तिबोटी खंड्याची पिलांसाठी धावपळ चालते. दरडीतली त्याची बिळं आता रिकामी.

ओढ्यात घोटाभर पाणी उरलं होतं आणि मधल्या दगडावर करडा धोबी! पोट हळदीसारखं पिवळं, शेपटी सारखी खाली-वर. पाण्यावर झेपावून माशी टिपायचा की परत त्याच दगडावर. हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे वीण आटपून हा सप्टेंबरपासून आपल्याकडे उतरतो. एवढासा जीव इतकं अंतर कापून या घोटाभर पाण्यापाशी येतो, हे मला दरवर्षी नव्याने भिडतं. पुढे भृंगराज शीळ घालत होता, सोबतचे लोक तिकडे धावले. मी वीस मिनिटं तिथेच बसून होतो.

५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सालिम अलींचा. त्याआधी तुमचे अनुभव इथे जमवू या. लांबलचक यादी नको, एकच पाहुणा सांगा.

निफाड

आमच्याकडं ऑक्टोबर म्हणजे द्राक्षाची छाटणी. पहाटे बागेत गेलं की फुरसत कुणाला? पण गप्पीदास आला की कळतंच. मांडवाच्या तारेवर बसतो, खाली उतरून किडा उचलतो, पुढच्या तारेवर जातो. पांढऱ्या-काळ्या कवड्या गप्पीदासाची जोडी बारमाही आहे, हा तांबूस छातीचा मात्र थंडीपुरता. नांदूर मधमेश्वर आमच्यापासून जवळ, राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. लोक बदकं बघायला ऑक्टोबरातच येतात आणि हिरमुसतात. थापट्या, गढवाल यांची खरी गर्दी व्हायला दिवाळीनंतरचा गारवा लागतो. तोवर बांधावर बघा की! जांभळी पाणकोंबडी तर कधीही दिसते.

पुणे

वय ७१. वेताळ टेकडीवर तीस वर्षं जातोय. गेल्या दोन हिवाळ्यांत हिरवट वटवट्या दिसलाच नाही, म्हणून वाटलं टेकडीवरची बांधकामं, गर्दी, यानेच तो गेला. मनाला फार लागलं होतं. यंदा नातीला सोबत नेलं. बाभळीखाली ती थबकली, म्हणाली, ‘आजोबा, चिस्-वीट, चिस्-वीट असं कोण करतंय?’ मला काहीही ऐकू येत नव्हतं. तिने बोट दाखवलं तिथे दुर्बीण लावली, तर तोच. भुवईवर फिकट रेघ, पानाच्या खालच्या बाजूने किडे वेचणारा. तो आला होताच, माझ्या कानांतून बारीक आवाज गेले होते. आता दर शनिवारी ती ऐकते, मी ओळखतो.

ठाणे

मला एक कबुली द्यायची आहे. चार वर्षांपूर्वी येऊरला मोबाइलवर पिंगळ्याचा आवाज लावला होता. घुबड आहे असं समजून छोटे पक्षी ओरडत गोळा होतात, फोटो सोपा जातो. नाचण आली, शिंजीर आले आणि एक लिटकुरी आली. तोवर खालच्या फांद्यांवर शांतपणे माश्या टिपत होती, आता शेपटी उभारून नुसती टिर्र करत राहिली. पंचवीस मिनिटं तिने चोचीत काही घेतलं नाही. घरी फोटो मोठा करून बघताना ते लक्षात आलं. युरोप-आशियाच्या उत्तरेकडून उडत आलेल्या पाखराला मी उपाशी ठेवलं होतं. तेव्हापासून स्पीकर बंद आहे. जो गट हे करतो त्यांच्यासोबत मी जात नाही.

न्यू जर्सी

इथे उलटं चित्र, पाहुणे निघण्याचे दिवस. केप मे हे टोक समुद्रात घुसलेलं आहे, समोर डेलावेअरची खाडी. थंड हवेची लाट येऊन वायव्येचा वारा सुटला की शिकारी पक्षी या टोकाशी येऊन साचतात, पाणी ओलांडायचा धीर गोळा करतात. आपल्या शिक्र्याच्या जातकुळीतले छोटे शिकारी पक्षी डोक्यावरून एकामागून एक जाताना पाहिले. आईला फोन लावला, ती साताऱ्याला असते. म्हणाली, ‘अगं, आपल्या गच्चीवर अजून कुणी आलं नाही.’

सातारा

वरच्या न्यू जर्सीच्या मुलीची मी आई. आज सकाळी सव्वासातला पाण्याच्या टाकीवर थरथऱ्या आला. शेपूट थरथरवत बसला होता, विटकरी रंगाची. गेल्या वर्षीही त्याच कोपऱ्यावर बसायचा. वाटीत पाणी ठेवलंय.