विषय: रविवारचा पूल – सुती कपड्यांचं काय ठरलं?

प्रेषक: सचिव
मंडळी, टाऊनच्या पूलचं बुकिंग शुक्रवारपर्यंत पक्कं करायचंय. विम्याचा दाखला तयार आहे, त्यात टाऊनचं नाव घातलंय. अडलंय एकाच गोष्टीवर. सुती कपड्यांत पाण्यात उतरू देणार नाही, असं काउंटरवर परत बजावलं. मागच्या वेळी आज्या काठावर बसून राहिल्या. यंदा तसं होता कामा नये. कुणी मॅनेजरशी बोललंय का?

प्रेषक: खजिनदार
पूल आपण पूर्ण भाड्याने घेतोय, लाइफगार्डचे पैसेही वेगळे भरतोय. मग कोणी काय घालायचं हे त्यांनी का ठरवावं? टाऊनचा पूल म्हणजे आपल्याच करातून चालणारा पूल. सचिवांनी लेखी तक्रार करावी.

प्रेषक: पोहण्याचा गट
काका, तक्रार जरूर करा, पण आधी कारण ऐका. सुती कापडाचे तंतू सुटतात आणि पंपाच्या जाळीत अडकतात. मी ती जाळी उघडलेली पाहिली आहे. करड्या लगद्यात केस, बँडेजची पट्टी, सगळं एकत्र. शिवाय ओला कुडता पाण्यात असेपर्यंत जड लागत नाही, शिडी चढताना मात्र खाली ओढतो. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ते धोक्याचंच. त्यांची हरकत अंग झाकण्याला नाही, कापडाला आहे. पॉलिएस्टरचे पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे चालतात.

प्रेषक: एक सभासद
जाळी राहू द्या, क्लोरीनचं बघा आधी. गेल्या खेपेला वास इतका होता की मुलांचे डोळे लाल झाले. क्लोरीन कमी टाकायला सांगता येईल का?

प्रेषक: पोहण्याचा गट
उलट आहे, ताई. तो वास क्लोरामाइन्सचा. घाम, लघवी, अंगावरचं क्रीम यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की ते तयार होतात. क्लोरीन कमी केलं तर जंतू वाढतील. मुक्त क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेलं, लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते दाखवणारा आकडा) ७.२ ते ७.८ असावा. त्याची नोंदवही पूलच्या केंद्रात असते, मागून बघा. आपल्या हातातली गोष्ट म्हणजे प्रत्येकाने आत जाण्याआधी साबण लावून आंघोळ करणं. आणि जुलाब होत असलेल्या मुलाला कृपा करून आणू नका. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनच्या पाण्यातही आठवडाभराहून जास्त टिकतो.

प्रेषक: युवा विभाग
पूलचा कार्यक्रम आधीपासून युवा विभागाकडे आहे. मुलांचे खेळ ठरलेत, लेनचे दोर काढून मागितलेत. आता बुकिंगची चर्चा परस्पर सुरू आहे, हे बरोबर नाही. पुढचे मेल आम्हाला विचारून पाठवावेत.

प्रेषक: सचिव
कार्यक्रम तुमचाच. फॉर्मवर सही मंडळाची लागते, म्हणून मी लिहिलं.

प्रेषक: एक सभासद
कपड्यांबद्दल. सासूबाईंसाठी मी पॉलिएस्टरचा पायघोळ पोशाख घेतला. पहिल्या दिवशी त्या कठड्याला धरून उभ्या होत्या, नंतर हात सोडून उथळ भागात चालू लागल्या. गुडघ्यांमुळे त्यांना जिना जड जातो, पण छातीएवढ्या पाण्यात अंगाचा भार निम्म्याहून कमी होतो, त्यामुळे तिथे त्या सहज चालतात. पण थंडी वाजली की लगेच बाहेर. शर्यतीच्या पूलचं पाणी २५ ते २८ अंश असतं, या बायकांना ते गार लागतं. बुकिंग मोठ्या पूलचं केलंय की शिकवणीच्या छोट्या पूलचं? छोट्याचं पाणी जरा कोमट असतं. तो नसेल तर कपडे मिळूनही त्या उतरणार नाहीत.

प्रेषक: युवा विभाग
मोठ्याचं. मुलांना उड्या मारायला खोली लागते.

प्रेषक: खजिनदार
दोन्हींचं भाडं परवडणारं नाही, अंदाजपत्रक मागच्या सभेत मंजूर झालंय.

प्रेषक: पोहण्याचा गट
काका, छोटा पूल फक्त पहिला एक तास मागा. तेवढ्यापुरता एक जादा लाइफगार्ड लागेल, बाकी काही नाही. आणि वहिनी, पोशाखाचं माप कसं घ्यायचं ते या मेल-यादीवर लिहाल का? सैल पोशाख पाण्यात वर येतो, म्हणून बायका बिचकतात.

प्रेषक: सचिव
एका तासाचा दर उद्या विचारते. ज्यांना पोशाख हवा त्यांनी गुरुवारपर्यंत वहिनींना माप कळवा.