सात फुटी भिंत पुरत नाही

‘खासगी आवार, सात फुटी भिंत, मग अडवणार कोण’ असं घरच्या आवारात धनुष्यबाणाचा सराव करणारे म्हणतात, ते अर्धंच पटतं. भारतीय न्याय संहितेचं कलम 125 जागा कोणाची हे विचारत नाही. बेदरकारपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला की, कोणाला लागलं नसलं तरी, 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि बाण भिंतीवरून जातो तो बहुधा नेम चुकून नाही, तर दोरी ओढताना धनुष्य वर उचलायच्या सवयीमुळे. तेव्हा बोटं निसटली तर 30 पौंड ओढीच्या रिकर्व्हचा (टोकं पुढे वळलेल्या धनुष्याचा) बाण सहज 100 मीटरपुढे, म्हणजे नागपूरच्या धरमपेठेत चार गच्च्या ओलांडून. ओढताना टोक टार्गेटच्या वर जाऊच देऊ नका. टार्गेटमागची, बाण अडवणारी जाळी सैल टांगा, खाली फूटभर जमिनीवर लोळू द्या. ताणून बांधली तर बाण आरपार. आपल्या उन्हात नायलॉन लवकर कुजतं, मे संपला की धागा बोटाने ओढून बघा. टार्गेटच्या पोत्यात कूलरचं जुनं गवत नको (मोह होतो, फुकट असतं ना), जुने कपडे ठासून भरा. भिंतीवर आपटलेला कार्बन बाण कानाजवळ हलका वाकवा. कडकड आवाज आला तर मोडून फेका, पुढच्या वेळी तो हातातच फुटू शकतो.