जपानी : नावानंतरचं 'तो इउ' नेमकं कधी लावायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या एन-४ची (जपानी भाषेच्या परीक्षेची एक पातळी) तयारी चालू आहे आणि 'तो इउ'पाशी गाडी अडली आहे. 'तानाका तो इउ हितो' म्हणजे तानाका नावाचा माणूस, 'किचिजोजी तो इउ माची' म्हणजे किचिजोजी नावाची वस्ती. आपल्या 'नावाचा'सारखंच नामाच्या आधी बसतं, त्यामुळे रचना लगेच कळली. अडचण वापराची आहे. फोनचा निरोप देताना 'तानाका-सान तो इउ काता कारा देन्वा गा आरिमाशिता' (तानाका नावाच्या व्यक्तीचा फोन आला होता) म्हणा, असं क्लासमध्ये सांगतात. नुसतं 'तानाका-सान कारा' (तानाकांकडून) का पुरत नाही? आणि 'जोशी देसु', 'जोशी तो इइमासु', 'जोशी तो मोउशिमासु' या 'मी जोशी' म्हणण्याच्या प्रकारांतलं क्लायंटसमोर कोणतं?

प्रतिसाद १
पुरतं की! बोलणारा आणि ऐकणारा, दोघांनाही तानाका माहीत असतील तर 'तो इउ' नकोच. एकाला जरी ते नाव नवं असेल तरच लावा. साहेबांच्या जुन्या क्लायंटबद्दल साहेबांनाच 'तानाका-सान तो इउ काता' म्हणालात, तर 'कोण हे तानाका, मी नाही ओळखत' असा सूर लागतो. उलट जपानी पाहुण्यांपुढे मिसळ ठेवलीत तर 'मिसळ तो इउ र्योरी देसु' (हा मिसळ नावाचा पदार्थ) अगदी चपखल.

क्लायंटसमोर 'मोउशिमासु'. ते नम्र रूप आहे, फक्त स्वतःसाठी आणि आपल्या माणसांसाठी. क्लायंटच्या नावाला कधीही लावू नका, तिथे आदरार्थी 'तानाका-सामा तो ओश्शारु काता' (तानाका नावाचे गृहस्थ).

प्रतिसाद २
दादा, उच्चारही सांभाळा. लिहितात 'इउ', बोलताना 'यू' होतं. मित्रमंडळींत तर 'तानाका त्ते हितो' एवढंच उरतं. पुस्तकी 'तो इउ'ची वाट बघत बसलात तर ऐकण्याच्या पेपरात ते कानावरून निघून जाईल.

धागाकर्ता
दोघांचेही आभार, निरोपाचं कोडं सुटलं. एक शेपूट राहिलं : 'तानाका-सान गा काइश्या ओ यामेरु तो इउ हानाशी' यात नाव कुठे आहे? हेही तेच 'तो इउ' का?

प्रतिसाद १
तेच. नावाच्या जागी अख्खं वाक्य आलं : तानाका कंपनी सोडणार अशी बातमी. फक्त 'तो इउ'च्या आधी क्रियापद साध्या रूपात ठेवा, 'यामेरु'. तिथे 'यामेमासु' हे सभ्य रूप नको.