थ्रिलरची पहिली दहा मिनिटं : दडवायचं की सांगून टाकायचं?

कृष्णाकाठ_सांगली :
परवा मित्राकडं एक नवीन थ्रिलर लावलेला. पहिल्याच मिनिटाला प्रेत, पोलिसांच्या गाड्या, आणि लगेच पडद्यावर 'सहा महिन्यांपूर्वी'. मी तिथंच उठलो. हे आता लई झालं राव. अर्धवट काहीतरी दाखवायचं आणि बाकीचं दडवून ठेवायचं, हा सस्पेन्स नाही, नुसती अडवणूक आहे. सस्पेन्स काय असतो ते पावसाळ्यात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर उभं राहून बघा. पाणी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे इथं पोराटोराला पाठ. रात्री दोनला फोन येतो, 'किती झालं?' 'त्रेचाळीस.' त्यानंतर घरात कुणी झोपत नाही. सगळं माहीत असतं म्हणूनच पोटात गोळा येतो की. 1958 च्या 'टच ऑफ इव्हिल'ची सुरुवात घ्या, बॉम्बचा टायमर लावलेला दिसतो, बॉम्ब गाडीच्या डिकीत जातो आणि या सगळ्यात तीन मिनिटांच्या वर एकही कट नाही, गाडी गर्दीतनं रेंगाळत चाललीय, शेजारनं हिरो आणि त्याची बायको गप्पा मारत चाललेत. आपल्याला माहिती, त्यांना नाही!

मिरजेचा_दर्दी :
भावा, 'सहा महिन्यांपूर्वी'चं पटलं, बाकी अजिबात नाही. पुराची भीती वेगळी आणि गूढ वेगळं. 'अंधाधुन' (2018) आठव. कोबीचं शेत, एक डोळा गेलेला ससा, मागं बंदूकवाला, आणि पडदा काळा. काय कळलं? काहीच नाही. पण तो ससा डोक्यात घर करून बसतो आणि शेवटाकडं जेव्हा त्याचा अर्थ लागतो तेव्हा अंगावर काटा येतो. हे आधीच सांगून टाकलं असतं तर पिक्चरच संपला. 'वो कौन थी' (1964) तर अजून साधं, पाऊस, रात्र, रस्त्यात पांढऱ्या साडीतली बाई, ती गाडीत बसते आणि वायपर बंद पडतो. एक वायपर, बास. ती कोण हे तिथं सांगितलं असतं तर कोण बसलं असतं पुढं?

पुस्तकवाली_ताई :
दर्दी दादा, आपल्या सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी लोक बसलेच ना. मी कृष्णाकाठच्या बाजूनं.

मिरजेचा_दर्दी :
ताई, ते रामायण, तिथं लोक भक्तीनं बसतात. खून कुणी केला हे आधीच माहीत असलेला माणूस कशाला बसेल?

कृष्णाकाठ_सांगली :
ससा तर दाखवलाच की त्यांनी, दडवलाय कुठं? वायपरचं मात्र मला मान्य करायला लागतंय, तिथं मी अडलो. तरी 'कहानी' (2012) बघ, आधी गॅसनं उंदीर मरताना दाखवलेत आणि मग गच्च भरलेली कोलकाता मेट्रो. उंदीर बघितले नसते तर मेट्रोत काय भीती वाटली असती?

हरिपूरकर :
मी शॉर्टफिल्म लिहितोय, आमच्याकडच्या हळदीच्या पेवावर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यावर. बरेच दिवस बंद पेवात हवा खराब होते म्हणून माणूस उतरायच्या आधी दोरीनं कंदील सोडतात. विझला तर उतरायचं नाही. पहिल्या सीनमधी कंदील खाली विझलेला दाखवू का नको? वर दोरी धरणारा दुसरीकडं बघतोय आणि उतरणाऱ्यानं पाय आत टाकलाय.

कृष्णाकाठ_सांगली :
दाखव! आत कॅमेरा ने, ज्योत बारीक होत होत गेलेली दाखव, मग वर ये. वरती ते दोघं मजुरीच्या गप्पा मारूदेत.

मिरजेचा_दर्दी :
अजिबात नको. वरच थांब. दोरी वर येते, काच काळी, आणि दोरी धरणारा ती काच शर्टानं पुसतो, कुणाला काही बोलत नाही. त्यानं का पुसली, हे शेवटपर्यंत सांगू नको.

हरिपूरकर :
आता पुसण्याचा सीन डोक्यातनं जाईना. पण ज्योतीचा पण पाहिजे. दोन्ही शूट करतो, रविवारी पेवावर कोण येतंय कंदील धरायला?