ओपन स्पेसमध्ये लॉन पाहिजे म्हणे! आधी नळाची मोटार काढा मालक

कडकभाकरी
परवा एकानं पोस्ट टाकली, "सोलापूरच्या कॉलन्यांमधलं समाजजीवन संपलंय, लोकं आळशी झालेत, पुण्याच्या सोसायट्यांकडून शिका." उपाय काय, तर प्रत्येक ओपन स्पेसमध्ये, म्हणजे प्लॉट पाडताना सोडलेल्या मोकळ्या जागेत, लॉन, वॉकिंग ट्रॅक, ओपन जिम आणि एक सेल्फी पॉइंट. खाली दोनशे लाइक. दोन दिवस गप्प बसलो, आज ऱ्हावंना म्हणून लिहायलोय, लांबलं तर लांबलं.

लॉन? मे महिन्यात पारा त्रेचाळीसला टेकतोय, नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, आणि तुम्ही गवत भिजवणार? आमच्या नगरातली ओपन स्पेस सांगतो. जिमचं साहित्य बसवून सहा-सात वर्षं झाली असतील. आज त्या सायकलचं एक पायडल गायब आहे. खांदे फिरवायच्या चाकावर शेजारच्या घरची गोधडी वाळत असती. बाकी कमरेइतकी वेडी बाभळ. उद्घाटनाची फरशी मात्र चकाचक, तिला कोणी हात लावत नाही.

आणि पुण्याच्या सोसायट्या भरल्या कोणी? आपल्याच पोरांनी. हुतात्मा एक्सप्रेसनं गेली ती गेली. आमच्या गल्लीत एकवीस घरं, त्यातल्या तेरा घरांत दोन म्हातारी माणसं आणि वरच्या खोलीला कुलूप. ह्यांना पुलअप्स मारायला लावताव काय? माझं एवढंच म्हणणं, बाभळी काढा, चार लिंब लावा, दोन बाकडी टाका आणि लागेल असा एक दिवा. बाकी काय बांधू नका.

स्वच्छ_सुंदर_सोलापूर
ती पोस्ट माझीच. नाव घेऊन बोलला असतात तर बरं वाटलं असतं. काही चांगलं सुचवलं की आपल्याकडं "होणार नाही" म्हणणारे आधी उठतात. २०१६ ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपलं नाव आलं होतं. आपल्यालाच काही नको असेल तर शहर काय करणार? माझी मुलगी पुण्यात राहते, तिच्या सोसायटीत संध्याकाळी सत्तर-ऐंशी लोक खाली असतात. आमच्या कॉलनीत आठनंतर कुत्री सोडून कोणी दिसत नाही.

बे_एके_बे
काका, तुमच्या मुलीच्या सोसायटीत महिन्याला मेंटेनन्स किती भरतेत ते पण सांगा की. आमच्याकडं वॉचमनचे महिन्याला शंभर रुपये मागितले तर लोकं "मी गावाकडं असतो" म्हणतेत आणि गॅलरीतून बघत असतेत बे.

लेआउटवाला
थोडं नियमाचं बोलू का, धंदाच तो आहे. मंजूर लेआउट एकराच्या आसपास किंवा मोठा असेल तर किमान १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. २०२० च्या डिसेंबरपासून राज्याची जी एकत्रित बांधकाम नियमावली लागू झाली तिच्यात त्या मोकळ्या जागेच्या फार तर १५ टक्के बांधकाम चालतं, तळाला १० आणि वर ५. व्यायामशाळा, वाचनालय, बालवाडी, योगाचं केंद्र असल्या कामांसाठी. म्हणजे कडकभाकरी, "काहीच बांधू नका" हा नियम नाही. आणि अख्ख्या जागेवर सभामंडप ठोकणं हा पण नियम नाही, जे निम्म्या सोलापुरात झालंय.

दुसरं म्हणजे ही सगळी चर्चा नशीबवानांची आहे. हद्दवाढ १९९२ ला झाली, शहर १७८ चौरस किलोमीटरचं झालं, आणि त्यातल्या किती वस्त्या गुंठेवारीच्या, म्हणजे लेआउट मंजूर न करता गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या जागेवरच्या, आहेत ते बघा. वीस फुटी रस्ता सोडायला जीव जातो तिथं ओपन स्पेस कुठली? सरकारनं २००१ ला गुंठेवारीचा कायदा केला, मग मुदत वाढवून २०२० पर्यंतची घरं त्यात घेतली. घरं नियमित झाली. मैदान कुठून आणणार? शेळगी, मजरेवाडी, बाळे, जाऊन बघा. पोरं रस्त्यावर खेळतात आणि रिक्षा आली की स्टंप उचलतात.

विजापूर_रोडचे_आजोबा
सभामंडपावर घसरलात म्हणून लिहितो. आमच्या ओपन स्पेसमध्ये मारुतीचं देऊळ आहे, पुढं पत्र्याचा मंडप आहे, दोन्ही आम्ही वर्गणीतून उभं केलं. तिथं हळदीकुंकू होतं, बारसं होतं, कोणी गेलं तर लोक तिथंच टेकतात. मंगल कार्यालयाचं भाडं किती झालंय माहीत आहे का? गरिबाच्या पोरीचा साखरपुडा त्या पत्र्याखाली होतो. समाजजीवन म्हणतात ते हेच. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, गाव लोटतं, तिथं कोण लॉन मागतं?

लेआउटवाला
आजोबा, देवळाला ना नाही. पण मंडपाला ग्रिल लावून कुलूप घातलंय, चावी अध्यक्षांकडं. ते कोणाचं समाजजीवन?

विजापूर_रोडचे_आजोबा
कुलूप नसतं तर पंखे राहिले असते का? दोन गेले. तुम्ही आणून दिलेत?

सोलापूरची_सून
सगळे पुरुषच बोलायलेत म्हणून मध्ये पडते. लिंब आणि दोन बाकडी ऐकायला लई छान. आमच्या इथं आहेत की. रात्री नऊनंतर त्या बाकड्यांवर कोण बसतं आणि सकाळी खाली काय पडलेलं असतं ते झाडणारीला विचारा. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, संध्याकाळी तिकडून यायचं नाही, लांबचा रस्ता बरा. चौदा वर्षं झाली, अजून लांबूनच येते. कडकभाकरी, तुमचा तो "लागेल असा दिवा" एका ओळीत संपवलात, आमचं सगळं तिथंच अडलंय. खांबावरचा दिवा बदलून घ्यायला मी आठ महिने अर्ज करत होते. शेवटी समोरच्या घरातल्यांनी आपल्या मीटरवरून बल्ब लावला.

आणि लोक खाली का येत नाहीत तर पाण्यामुळं. पाणी रात्री कधी येईल नेम नाही. एकला येईल, साडेतीनला येईल. रात्रभर कान नळाकडं आणि सकाळी डबे. संध्याकाळी गप्पा मारायला ताकद कुठली?

पूर्वभाग_ते_जुळे
ताईंचं बरोबर आहे. मी साखर पेठेत वाढलो, आता जुळे सोलापुरात घर आहे. तिकडं दोन खोल्या, एकीत माग, दुसरीत आम्ही सात जण. अंगण नाही, ओपन स्पेस हा शब्दच ऐकला नव्हता. पण दुपारी सगळ्या बाया ओट्यावर, मांडीत सूप घेऊन विड्या वळत, अर्धं तेलुगू अर्धं मराठी, कोणाच्या घरात काय शिजलं ते आख्ख्या बोळाला माहीत. माझा ताप आईच्या आधी शेजारच्या आत्तम्मानं बघितला. राखी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघाला की घरात कोणी सापडायचं नाही. इथं तीन वर्षं झाली, डावीकडच्या घरातल्यांचं आडनाव मला पाटीवरून कळलं.

कडकभाकरी
अण्णा, हे सगळं खरं, पण त्याच बोळात एका संडासाला किती घरं होती ते पण सांगा. आठवणीत सगळंच गोड लागतंय. त्या बाया हौसेनं वळत नव्हत्या विड्या.

पूर्वभाग_ते_जुळे
अकरा घरं. माझी आई खोकून खोकून गेली, मला सांगू नका.

कडकभाकरी
चुकलं माझं. तसं म्हणायचं नव्हतं.

बे_एके_बे
पाण्याचा विषय काढलाच हाय तर आता सोडू नका बे. उजनी आपल्याच जिल्ह्यात, ११७ टीएमसीचं धरण, काठोकाठ भरलं तरी आपल्या बायका पहाटे बादल्या मोजतेत. आता उजनीवरनं येणाऱ्या समांतर जलवाहिनीचं कौतुक. गावात यील पाणी, पण गल्लीत? टाक्या कमी, आतल्या पायपा कुजलेल्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट कोण बोलत नाय. नळाला मोटारी!! आमच्या लाइनीत चौदा कनेक्शन, त्यातली नऊ मोटारवाली. पाणी सुटलं की घुंईं सुरू. टोकाच्या घरातली म्हातारी नळाला कान लावून बसती, नळातून नुसती हवा येती, शू शू शू. ती गरिबिणीसारखी माझ्या दारात हंडा घेऊन येती तेव्हा मला लाज वाटती.

लेआउटवाला
आणि हे नुसतं चोरीचं प्रकरण नाही. थेट नळाला मोटार लावली की लाइनीत ओढ तयार होते. जोड कुठं गळका असेल आणि बाजूनं गटार जात असेल तर ते पाणी आत ओढलं जातं. पहिली दहा मिनिटं पिवळं, वास मारणारं पाणी येतं ना, त्यातलं बरंच ह्यामुळं. मग डॉक्टरकडं रांगा. नळ हौदात सोडा, हौद भरला की हौदातून मोटारनं वर चढवा, कोणाचीच हरकत नाही. थेट नळाला लावणं वेगळं.

सोलापूरची_सून
पाणी सुटायच्या वेळेला लाइट घालवा म्हणावं दोन तास. सगळ्या मोटारी गप.

विजापूर_रोडचे_आजोबा
आणि माझ्या घरात ऑक्सिजनचं मशीन आहे त्याचं काय?

बे_एके_बे
आजोबा तुमचं घर सोडून घालवू हो. पण मला एक विचारायचंय. लॉनवाल्या काकांचं घर ते निळ्या गेटचं ना, आमच्याच लाइनीत? कुंपणावर बोगनवेल? काका, लॉनसाठी पाणी कुठनं आणणार होतात ते आता कळलं.

स्वच्छ_सुंदर_सोलापूर
हे वैयक्तिक होतंय. चर्चा सार्वजनिक सुविधांची होती.

बे_एके_बे
नळाचं पाणी सार्वजनिक नाय काय बे?

स्वच्छ_सुंदर_सोलापूर
बे म्हणू नका. माझं वय एकसष्ट आहे.

बे_एके_बे
सॉरी काका, जीभ वळती. मोटार हाय का नाय?

स्वच्छ_सुंदर_सोलापूर
आहे. अर्ध्या एचपीची. कारण माझ्या अलीकडच्या चार घरांत एक-एक एचपीच्या आहेत. मी पाच वर्षं लावली नव्हती, पाच वर्षं टँकर घेतला. तुमच्या त्या टोकाच्या आजींनी एकदा तरी माझ्याकडं हंडा आणला असता तर दिलाच असता. मला कोणी विचारलं नाही. घरात मी आणि मिसेस, तिचे गुडघे गेलेत, खालून वर पाणी कोण नेणार? ती पोस्ट मी का लिहिली तुम्हाला काय माहीत. संध्याकाळी बोलायला माणूस नाही म्हणून लिहिली.

पूर्वभाग_ते_जुळे
काका, मी तुमच्या मागच्याच गल्लीत आहे बहुतेक. त्या बोगनवेलीवरून ओळखलं. रोज गाडीवरून जातो तिथनं.

कडकभाकरी
लॉनला माझा विरोध कायम आहे, हे आधी सांगून ठेवतो. पण पोस्टमध्ये हे शेवटचं वाक्य लिहिलं असतंत तर मी एवढं लांब लिहिलंच नसतं. रविवारी सकाळी साडेसहाला मी बाभळी तोडायला जाणार, कोयता आहे, कुऱ्हाड नाही. ज्याला यायचं त्यानं या. सेल्फी काढायचा नाही.

सोलापूरची_सून
आठवडाभर रोज कोण दिवा लावणार ते आधी ठरवा, मग आम्ही बाया येतो. आणि मंडपाची चावी संध्याकाळी दोन तास तरी आमच्याकडं द्या. ग्रिलच्या आत बसलेलं बरं.

विजापूर_रोडचे_आजोबा
चावीचा विषय मीटिंगमध्ये घेऊ.

लेआउटवाला
मीटिंग मागच्या दिवाळीनंतर झालेली नाही आजोबा.

विजापूर_रोडचे_आजोबा
चार माणसं आली नाहीत म्हणून झाली नाही. मी सतरंजी टाकून तास बसलो होतो. चावी देतो, पण आधी लाइनीतल्या मोटारी निघू देत. वरच्या फुकट गप्पा नकोत.

स्वच्छ_सुंदर_सोलापूर
मी काढतो. पण अलीकडची चार घरं काढतील त्या दिवशी.

बे_एके_बे
त्यातलं एक घर माझ्या मामाचं हाय. त्याला विचारलं आत्ता. म्हणतोय, आधी निळ्या गेटवाल्यांना काढू दे.