ओव्हनमध्ये अख्खा शाळू मऊ कसा होईल?

बी-३०२: नमस्कार. रविवारच्या सोसायटीच्या जेवणाला दूध-तूप न खाणारी मंडळीही असल्यामुळे, अख्ख्या धान्याचा आणि पूर्णपणे वनस्पतीजन्य असा एखादा पदार्थ ओव्हनमध्ये करावा, असे मनात आहे. रात्रभर भिजवलेला शाळू (रब्बी ज्वारी) थेट वांगी-टोमॅटोत मिसळून ठेवला, तर तो शिजेल का?

ए-१०४: वहिनी, बेत उत्तम आहे, पण शाळू थेट ठेवू नका. दाण्यातला स्टार्च फुलायला पाणी आणि उष्णता दोन्ही एकदम लागतात. ओव्हनची आच कोरडी असते आणि शाळूवरचा कोंडा पाणी आत सहज शिरू देत नाही. त्यामुळे किमान ८ तास भिजवलेला शाळू तिप्पट पाण्यात कुकरला लावावा, पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करावी आणि २० ते २५ मिनिटे शिजू द्यावा. मग एक दाणा बोटांत चेपून पाहावा. आत पांढरा, कोरडा ठिपका दिसला तर पुन्हा शिजवावा, कारण टोमॅटोच्या आंबट रसात गेल्यावर उरलेला कच्चेपणा लवकर जात नाही.

कुकरमध्ये उरलेले दाटसर पाणी टाकून देऊ नका. त्यात भाजलेले शेंगदाणे आणि तीळ वाटले, की चीज किंवा सायीची उणीव भासत नाही, आणि या पदार्थाची खरी चव मला तरी त्या वाटणातच वाटते. भांड्यात खाली शाळू, त्यावर परतलेली वांगी व टोमॅटो आणि वर वाटण असे थर द्यावेत. आपला घरचा कांदा-लसूण मसाला तेलात भाजलेल्या जिनसांचाच असतो, म्हणून वेगळे तेल बेताने घालावे. भांडे झाकून १८० अंशांवर ३० मिनिटे ठेवावे आणि वरचा थर खरपूस होण्यासाठी शेवटची १० मिनिटे उघडे ठेवावे. झाकायला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल घेणार असाल, तर आधी केळीचे पान पसरा, म्हणजे टोमॅटोचा आंबटपणा फॉइलला लागणार नाही.

सी-२०१: शाळूऐवजी खपली घेतली तर चालेल का? आमच्या सूनबाईंना डॉक्टरांनी ग्लूटेन पूर्ण वर्ज्य करायला सांगितले आहे, आणि खपली पचायला हलकी असते असे सगळेच म्हणतात.

ए-१०४: काकू, त्यांच्यासाठी खपली अजिबात नको. पचायला कशीही वाटली तरी तो गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन असतेच. शाळू, नाचणी किंवा हातसडीचा घनसाळ तांदूळ त्यांना चालेल. पीठ वापरायचे झाल्यास मात्र गिरणीची चौकशी करा, कारण गव्हानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली, तर गव्हाचे पीठ त्यात मिसळते. या बाबतीत अख्खा दाणा निवडून, धुऊन घेणे अधिक सुरक्षित आहे.

डी-४०३: घनसाळही आधी शिजवावा लागतो का?

ए-१०४: नाही काका. १ वाटी हातसडीच्या तांदळाला पावणेदोन वाट्या उकळते पाणी आणि मीठ घालून भांडे घट्ट झाकले, तर १९० अंशांवर साधारण तासाभरात तो ओव्हनमध्येच शिजतो. पाणी उकळतेच हवे आणि मध्येच झाकण उघडू नये, कारण आतली वाफ गेली की वरचे दाणे टणक राहतात.

बी-३०२: मग आमच्या घरी शाळूच करते आणि शनिवारी रात्री भिजत घालते. सर्वांना पुरेल एवढे एका ओव्हनमध्ये मावणार नाही, तेव्हा रविवारी सकाळी ११ ते १२ या वेळेत आणखी कुणाचा ओव्हन मोकळा असेल, तर कृपया कळवावे.