सीआरपी उतरला, तरी बाबांना घरी का सोडत नाहीत?

वहीवाली
बाबा ८१ वर्षांचे. लघवीतला संसर्ग रक्तात गेला म्हणून दाखल केलं, आज नववा दिवस. ताप आलाच नाही. नुसते गुंगीत, आणि मलाच विचारायचे, "आपण कोण?" सीआरपी (संसर्ग, दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन) पहिल्या दिवशी १८६, तिसऱ्या दिवशी २१०, काल ३४. सगळं वहीत उतरवते, आलेखही काढलाय (नवरा हसतो). डॉक्टर राउंडला येतात, "अल्ब्युमिन २.३ आहे, बघू" म्हणतात (तेही रक्तातलं एक प्रथिन) आणि पुढच्या खाटेकडे वळतात. मग अडलंय कुठे?

निवृत्त लॅबवाला
ताई, मी डॉक्टर नाही. तीस वर्षं रक्त तपासलंय, तेवढं धरून वाचा. तिसऱ्या दिवशीच्या २१०ने तुमची झोप उडाली असेल. पण सीआरपी यकृतात बनतो, सहा-आठ तासांनी चढू लागतो आणि साधारण दोन दिवसांनी सर्वांत वर जातो. औषध लागू पडत असतानाही चढलेला दिसतो तो त्यामुळे. बनणं पूर्ण थांबलं तर १९ तासांत निम्मा होतो. प्रत्यक्षात ते एकदम थांबत नाही, इतकंच.

अल्ब्युमिनची तऱ्हा उलटी. संसर्गात यकृत ते कमी बनवतं, शिवाय ते रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं. म्हणून २.३ म्हणजे "बाबांना नीट खाऊ घातलं नाही" असं मनाला लावून घेऊ नका. भरून यायला काही आठवडे जातात. दाखल होताना ते कमी असलेल्या वृद्धांचा मुक्काम लांबतो, हे खरं. पण निव्वळ त्या आकड्यासाठी सहसा कुणी अडकवून ठेवत नाही. बाबा उभे राहतात का?

आणि वहीत युनिट लिहिता ना? काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही प्रति डेसिलिटर. दहापटीचा फरक! १८.६ बघून हुश्श करणारे नातेवाईक मी काउंटरवर पुष्कळ पाहिलेत.

आईची धाकटी
आमच्या आईचे रिपोर्ट सुधारले, तोवर मांड्यांतला जोर गेला होता. फिजिओथेरपी कधीपासून आणि लघवीची नळी कधी काढणार, हे दोन प्रश्न उद्या विचाराच. चष्मा, कानाचं यंत्र जवळ आहे का? नसलं की रात्री भ्रम वाढतो.

वहीवाली
चष्मा घरीच कपाटात होता! आज नेला, लगेच मला नावाने हाक मारली. दोघांच्या आधाराने उभे राहिले, पण पाय लटपटतात. उद्या नळी काढून लघवी आपोआप होते का ते बघणार, मग सोडायचं ठरवणार. राउंडला हे सांगायला काय जात होतं? मूत्रपिंडासाठी बघतात ते क्रिएटिनिन मात्र १.१ आहे, ते तरी चांगलं ना?

निवृत्त लॅबवाला
त्यावर लगेच विसंबू नका. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. स्नायू झडले की मूत्रपिंड कमी चालत असूनही आकडा साळसूद दिसतो. ईजीएफआर (क्रिएटिनिनवरूनच, पण वय धरून काढलेला मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज) किती ते विचारा, आणि घरी द्यायच्या गोळ्यांचे डोस त्याप्रमाणे बघितलेत का, तेही.